अधिक एक

तिसऱ्या दिवशीही सकाळी साडेसातला घरातली पाचही माणसं लष्करी विमानतळाच्या प्रतीक्षागृहात त्याच लोखंडी खुर्च्यांवर येऊन बसली. पहिल्या दिवशी विमान नादुरुस्त निघालं, दुसऱ्या दिवशी जागाच उरली नाही, आणि दोन्ही वेळा सगळा लवाजमा बॅगांसकट घरी परतला होता. शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी फाटकापर्यंत येऊन निरोप दिला, दुसऱ्या दिवशी गॅलरीतून हात हलवला आणि आज कुणी खिडकीसुद्धा उघडली नाही.

धाकटीला मात्र आज जाणं भागच होतं. ती हवाई दलात रेडिओ दुरुस्त करायची. दीड वर्षापासून समुद्रापलीकडच्या तळावर होती आणि तिची महिन्याची रजा उद्या संपत होती. रजेवरून परतणाऱ्याला लष्कराच्या विमानात, माल आणि कामावरची माणसं चढल्यावर उरेल ती जागा मिळते. जागा असली तर त्याच कागदावर घरच्यांनाही सोबत नेता येतं. धाकटीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘रेडिओ मेकॅनिक, अधिक दोन’. ते दोन म्हणजे आई आणि बाबा. दादा आणि वहिनी पोचवायला आले होते, दादा दुकान बंद ठेवून आणि त्याबद्दल दर तासाला एकदा उसासा टाकून.

इथला नियम एकच होता, पण कडक. खिडकीवरच्या कारकुनानं पुकारलं की ज्याचं नाव त्यानं बॅगेसकट उभं राहून स्वतःच्या तोंडानं ओ द्यायची. काल आई हात धुवायला गेली असताना दादानं तिच्या वतीनं ओ दिली होती. गणवेशातल्या त्या कारकुनानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आपण आई का?” दादा अजून त्या खिडकीकडे बघायचं टाळत होता.

आईचं मात्र झकास चाललं होतं. तीन दिवसांत तिनं त्या कारकुनाचं गुडघ्याचं ऑपरेशन, पाण्याच्या कूलरची घरघर आणि झाडणाऱ्या बाईच्या मुलीचं लग्न कशावरून मोडलं, हे सगळं समजून घेतलं होतं. एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यात ती विमानात कधी बसली नव्हती. नवऱ्यानं एकतीस वर्षं विमानांत माल चढवला-उतरवला, मुलगी विमानांतून ये-जा करते, आणि हिनं विमान पाहिलं ते पडद्याचं कापड शिवता शिवता, खिडकीतून, मान वर करून.

“बाकाला जाळी का असते गं? गादी का नाही?” तिनं धाकटीला विचारलं.

“माल भरायचा असला की बाक दुमडून भिंतीला लावतात, आई. गादी दुमडत नाही.”

“म्हणजे आपण मालाच्या नंतर?”

“मालाच्या खूप नंतर.”

“चांगलं आहे,” आई म्हणाली. तिला खरंच ते चांगलं वाटलेलं दिसत होतं.

पलीकडे बाबा वहिनीला वजनं सांगत बसले होते. नोकरीत त्यांना सगळे ‘काटा’ म्हणत. खोकं असो की माणूस, नुसत्या नजरेनं किलो सांगायचे आणि फार तर अर्ध्या किलोनं चुकायचे. घरातही दर वाढदिवसाला मुलांची वजनं दाराच्या चौकटीवर लिहिली जात. निवृत्तीला सोळा वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती.

“तो दारातला. ब्याऐंशी,” ते कुजबुजले.

“बुटांसकट की बुटांशिवाय?” वहिनी म्हणाली. तिला हा खेळ आवडायचा.

“बुटांसकट. बूटच दोन किलोचे आहेत त्याचे.”

“बाबा, माझं सांगू नका हं.”

“तुझं मी लग्नाच्या दिवशीच बघून ठेवलंय.”

कारकुनानं पांढऱ्या फळ्यावरचा आकडा पुसून ‘सात’ केला. नऊ होते ते सात झाले. सगळ्यांनी आपापल्या बॅगा पायाशी ओढून घेतल्या. बाबांनीही सवयीनं आईची पिशवी उचलली. तिनं स्वतः जाड कापडातून शिवलेली ती पिशवी होती. ती जमिनीपासून वीतभर वर आली आणि बाबा तसेच थांबले.

“अकरा,” ते म्हणाले. मग पिशवी जरा हलवून बघितली. “पण हे कपडे नाहीत. कापड असं तळाला बसत नाही. यात कागद आहे.”

“आहे,” आई म्हणाली.

“कसला?”

“तुमची पत्रं. एकेचाळीस आहेत.”

बाबांनी पिशवी खाली ठेवली, हळूच, आत काच असल्यासारखी. मग खुर्चीत बसले आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी कुणाचंच वजन सांगितलं नाही. ते फक्त धाकटीच्याच लक्षात आलं, कारण त्यांना काय झालं ते तिलाच ठाऊक होतं.

ती पत्रं म्हणजे त्या घरातली सगळ्यात जुनी गोष्ट होती. दादा रांगत होता आणि धाकटी जन्मायची होती, तेव्हा बाबांची बदली घरापासून लांब झाली होती. तिथून आठवड्याला एक विमान समुद्रापलीकडच्या तळावर जाई, त्यात माल सांभाळायला बाबा. रात्रीचा मुक्काम तिथं आणि सकाळी परत. त्या मुक्कामात ते आईला पत्र लिहीत. विमानाच्या खिडकीतून दिसणारी नऊ बेटं. तळाबाहेर निळ्या दारांची गल्ली. बारा मिनिटं मागे चालणारं घड्याळ आणि त्याच घड्याळावर जेवणारं-झोपणारं गाव. आणि पायऱ्यांच्या रस्त्यावर एक शिंपीण, जिच्या पोपटाला शिव्या येत. आई ही पत्रं मुलांना जेवताना वाचून दाखवायची. दादाला गणिताचे पाढे येत नव्हते तेव्हा शिंपीण पाठ होती.

धाकटीनं बदलीसाठी तो तळ मागून घेतला तो याच गल्लीपायी. पोचल्यावर पहिल्याच रविवारी ती बाहेर पडली. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडले. निळी दारं नव्हती, घड्याळ नव्हतं, आणि सपाट गाव असल्यामुळे पायऱ्यांचा प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षांपासून तिथं राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर त्यानं तिला बसायला स्टूल देऊन पाणी प्यायला लावलं. त्याच आठवड्यात आईचा फोन आला, “गल्ली बघितलीस का गं?” आणि धाकटी म्हणाली, “हो, अगदी तशीच आहे.” का म्हणाली कुणास ठाऊक. तेव्हापासून दीड वर्ष तीही त्या खोट्यात भागीदार होती, आणि आता आई पत्रं घेऊन गल्ली ताडून बघायला निघाली होती.

सव्वानऊला बाहेर एक लांबलचक ट्रक आला. त्यावर माणसाहून उंच लाकडी खोकं होतं. बाबा उठून काचेशी गेले. “इंजिन आहे,” ते परत येऊन म्हणाले. “सुटं इंजिन चाललंय. आता उजवा बाक जाणार.”

बाक गेला. फळ्यावर ‘सात’चे ‘तीन’ झाले आणि कारकुनानं पुकारलं, “रेडिओ मेकॅनिक!”

धाकटी उठून खिडकीशी गेली.

“तीनपैकी एक डॉक्टर कामावर चाललाय. राहिल्या दोन. तुमच्या कागदावर अधिक दोन आहे, ते मी अधिक एक करतोय. वीस मिनिटांत सांगा, कोण ते. नाहीतर ती जागा खालच्या नावाला जाईल.”

“मीच सांगायचं?”

“कागद तुमचा आहे ना?” तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. “आईंना नेणार असाल तर बरं. म्हणजे, मी काही बोललो नाही.”

ती परत आली आणि जे होतं ते तिनं सांगून टाकलं. पाचही जणांनी फळ्याकडे पाहिलं.

“मी जातो,” बाबा म्हणाले.

इतक्या चटकन म्हणाले की वहिनीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

“बरोबर आहे,” दादानं लगेच री ओढली. “बाबांना सवय आहे. आईला सहा तास त्या जाळीवर, कानात बोळे घालून—”

“माझ्या कानांना काय धाड भरलीय?” आई म्हणाली.

“तसं नाही गं. पण तू गेलीस तर इकडे बाबांचं कोण बघणार?”

“बाबांचं काय बघायचंय?” वहिनी म्हणाली. “चहा येतो त्यांना. मीच शिकवलाय. तू खरं सांग ना, दुपारी दुकानात कोण बसणार ही काळजी आहे तुला.”

दादाचं चष्म्याचं दुकान होतं. रोज एक ते चार आई तिथं बसायची, म्हणजे त्याला जेवून पडता यायचं. त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. “मला काय, मी बंद ठेवीन दुपारचं,” तो म्हणाला, पण ते काचेला सांगितल्यासारखं.

“ठेवशील ना? मग आई जाऊ देत. बाबा तिथं कितीदा जाऊन आलेत.”

“मी तिथं कामाला जात होतो,” बाबा म्हणाले. “बघायला नाही.”

“पत्रांत तर नुसतं बघणंच आहे,” वहिनी म्हणाली. ती सहज बोलली होती. बाबांनी मान खाली घातली.

धाकटी आईकडे बघत होती. आई फळ्याकडे बघत होती आणि तिची बोटं पिशवीच्या शिवणीवरून फिरत होती, कुठे टाका उसवलाय का ते पाहिल्यासारखी. मग ती म्हणाली, “जाऊ दे. तुम्हीच जा.”

तो आवाज धाकटीच्या चांगला ओळखीचा होता. सहलीच्या गाडीतली जागा, नव्या कपाटातला वरचा कप्पा, मुलांच्या परीक्षांच्या वर्षी आलेलं मावशीचं आमंत्रण, सगळं आईनं याच आवाजात सोडून दिलं होतं. आवाजात रडं नसे, रागही नसे. म्हणून तर इतकी वर्षं सगळ्यांनी ते खुशाल घेतलं होतं. धाकटीनंही घेतलं होतं, आणि आत्ता त्याची तिला लाज वाटली.

“एवढं मात्र न्या,” आई म्हणाली. तिनं पिशवीतून हिरव्या कापडाची घडी काढली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. “शिंपिणीला द्या.”

“काय आहे हे?”

“पिंजऱ्याची खोळ. पोपट साठ-साठ वर्षं जगतात म्हणे, मी त्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलंय. म्हणजे असेल तो. माप तुमच्या सोळाव्या पत्रातलं आहे, हातभर उंच नि दीड वीत रुंद. थोडी सैल ठेवलीय. खाली नाडी घातलीय, ओढली की बसते.”

बाबांनी खोळ उलगडली. वरून गोल, खाली नाडी, आणि आतून मऊ अस्तर, म्हणजे पोपटाला बोचू नये. तिला अस्तर लावायची काही गरज नव्हती. बाबांनी ते अस्तर चिमटीत धरून पाहिलं आणि कूलरकडे निघून गेले. धाकटी त्यांच्या मागोमाग गेली.

“किती मिनिटं राहिली?” त्यांनी विचारलं. पाण्याचा पेला त्यांनी भरलाच नव्हता.

“तेरा. बाबा, मी दीड वर्ष तिथं राहतेय.”

“हो.”

“मी पहिल्याच रविवारी गेले होते शोधायला.”

त्यांनी रिकामा पेला तसाच खाली ठेवला. कूलर घरघरत होता. “मग आईला सांगितलं नाहीस ते?”

“तुमचं होतं. मी का सांगू?” आपला आवाज चढतोय हे तिला कळलं आणि तिनं चढू दिला. “मला तुमचा इतका राग आला होता बाबा. आणि त्या गल्ल्यांतून हिंडताना तुमची इतकी आठवण येत होती की विचारू नका. का लिहिलंत ते सगळं?”

“अगं, आम्हाला बाहेर सोडतच नसत,” बाबा म्हणाले. “कुंपणाच्या आत एक पत्र्याची शेड. तिथं झोपायचं, सकाळी माल चढवायचा की परत. एकेचाळीस वेळा गेलो. गेटच्या बाहेर एकदा पाऊल टाकलं नाही. पहिल्या पत्रात मी तेच लिहिणार होतो. तर तिचंच पत्र आधी आलं. चार पानं, नुसते प्रश्न. तिथली माणसं काय घालतात, दारं कुठल्या रंगाची असतात, तिथं कुणी शिवणकाम करतं का. आता मी काय लिहू? तार, खांब, तार, खांब? एक दार रंगवलं. मग तिनं विचारलं, शेजारचं कुठल्या रंगाचं.”

धाकटीला हसू आलं, आणि आलं याचा राग आला.

“मग आज का जायचंय तुम्हाला? तिनं बघू नये म्हणून?”

“तेही आहे,” ते म्हणाले. मग काचेबाहेरच्या खोक्याकडे वळले. “पण मला बघायचंय गं. चौऱ्याहत्तरावं चालू आहे मला. त्या गेटवरचा पहारेकरी म्हणायचा, बाहेर काही नाही. मला कधी पटलं नाही ते. काय आहे बाहेर?”

त्यांनी हे इतकं खाली वाकून, इतकं उत्सुकतेनं विचारलं की धाकटीला क्षणभर आईच समोर उभी असल्यासारखं वाटलं. दोघांना एकच गाव बघायचं होतं आणि जागा एक होती. सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. गेटच्या बाहेर टायरचं दुकान आहे, तिथून बसथांबा, मग रस्ता वळतो आणि—

“गेटच्या बाहेर ना, बाबा—”

“नको,” बाबा म्हणाले. हातातल्या खोळीची नाडी त्यांनी बोटाला गुंडाळली होती, ती सोडवली. “मला सांगू नकोस. मी पुन्हा कुणाला तरी चढवून सांगेन. ज्याला विचारता येतं त्यानं जावं.”

ते परत गेले आणि आईसमोरच्या खुर्चीवर बसले. दादा आणि वहिनी उठू लागले तर म्हणाले, “बसा. तुम्हीही ऐकलेलं बरं. अगं, ती गल्ली नाहीये.”

“पाडली?” आईनं विचारलं.

“नव्हतीच. मी तळाबाहेर कधी गेलोच नाही. आम्हाला सोडत नसत. पत्रातलं सगळं मी शेडमध्ये बसून रचलंय.”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. दादानं पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

“घड्याळ?”

“नाही.”

“शिंपीण?”

“शिंपीण तूच होतीस. तुला आवडेल म्हणून तिला शिवणयंत्र दिलं.”

“आणि पोपट?”

“पोपट माझा,” बाबा म्हणाले. “शिव्या आमच्या शेडमधल्या.”

वहिनीच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला आणि तिनं तो खोकल्यात बुडवला. आई हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता.

“मी चाळीस वर्षं त्या बाईची काळजी करतेय,” ती म्हणाली. “तिसाव्या पत्रात तिचे डोळे अधू झाले होते. मी तिच्यासाठी दादाला चष्म्याचं विचारलं होतं. दादा, विचारलं होतं की नाही?”

“विचारलं होतं,” दादा म्हणाला. “मी नंबर मागितला होता.”

“बेटं खरी होती गं,” बाबा घाईनं म्हणाले. “नऊ बेटं. ती मी खरंच—”

“आता एक अक्षर बोलू नका.”

आई धाकटीकडे वळली. “आणि तू मला फोनवर म्हणालीस, अगदी तशीच आहे.”

“म्हणाले,” धाकटी म्हणाली. “चुकलंच माझं.”

“दोघंही एका माळेचे मणी.” आईनं पिशवी मांडीवर घेतली, आतून फडक्यात बांधलेला पत्रांचा गठ्ठा काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. “धरा. मला पाठ आहेत. आता तुम्ही वाचा, एका बैठकीत, सगळी.” मग त्यांच्या हातातली खोळ ओढून घेतली. “ही मी नेते. एवढ्या मोठ्या गावात कुणाकडे तरी पोपट असेलच.”

“म्हणजे तू जाणार?” दादानं विचारलं.

“तिथं शिंपीण नाही, घड्याळ नाही, तर मग आहे तरी काय? कुणीतरी बघून यायला नको?”

“रेडिओ मेकॅनिक, अधिक एक!” कारकुनानं पुकारलं. “अधिक एक कोण?”

धाकटीनं तोंड उघडलं, पण तिला बोलावंच लागलं नाही.

“मी!” आई ओरडली. एवढ्या मोठ्यानं की दारातला ब्याऐंशी किलोवाला दचकून बाजूला झाला.

पिवळ्या रेघेपलीकडे घरच्यांना जाता येत नव्हतं. तिथं जमिनीत बसवलेला वजनकाटा होता आणि पिशवीसकट त्यावर उभं राहायचं होतं. आई चढली. बाबांनी रेघेच्या अलीकडून मान पुढे काढली.

“तोंड उघडायचं नाही,” आई वळून न बघताच म्हणाली.

नियम असल्यामुळे कारकुनानं आकडा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा वाचला. “सत्तर पूर्णांक दोन!” वहिनीनं बाबांच्या कानाशी तोंड नेलं. “बरोबर होतं का तुमचं?”

“दोनशे ग्रॅमनं चुकलो,” बाबा म्हणाले. पत्रांचा गठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. आई दारातून बाहेर पडली तेव्हा तिनं मागे पाहिलं नाही. दादानं हात हलवला, वहिनीनं हलवला. बाबांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

विमानाच्या पोटात डाव्या भिंतीला जाळीचा बाक होता आणि समोर, साखळ्यांनी जमिनीला बांधलेलं, इंजिनचं खोकं. डॉक्टर बसल्या बसल्या झोपला. धाकटीनं आईचा पट्टा आवळला, कानात पिवळे बोळे घातले आणि खुणेनं विचारलं, ठीक ना? आईनं मान हलवली. इंजिनं सुरू झाली आणि त्यानंतर कुणाचं कुणाला काही ऐकू येणं बंद झालं.

एरवी धाकटी अशा विमानात चढली की उतरेपर्यंत झोपायची. अकरा खेपा तिनं झोपेत काढल्या होत्या. आज झोप येईना. आई रडेल का, बोलेल का, पोचल्यावर आपल्याशी कशी वागेल, काही अंदाज येत नव्हता. आई आधी खोक्याच्या साखळ्यांकडे बघत बसली. मग छताकडे. मग तिनं हवेत बोटानं चौकोन काढून धाकटीला विचारलं, खिडकी? धाकटीनं नाही म्हणून मान हलवली. या विमानांना बाकाशी खिडक्या नसतात. आईच्या कपाळावर आठी पडली. आणखी एक खोटं तिनं जमेस धरलं असावं.

तीनएक तासांनी माल सांभाळणारी लोडर साखळ्या तपासत आली. खांदे रुंद, हातमोजे तेलकट. आईनं तिची बाही ओढली आणि पुन्हा हवेत चौकोन काढला. लोडर हसली. तिनं घड्याळात पाहिलं, आईचा पट्टा सोडला आणि तिला दंडाला धरून मागच्या बाजूला घेऊन गेली. खोक्यामुळे धाकटीला पुढचं दिसलं नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. विमानात हरवायला जागा नसते हे माहीत असूनही ती उठून बघायच्या बेतात होती, तेवढ्यात आई परत आली आणि हातानं खूण केली, पेन दे.

जेवणाच्या पुठ्ठ्याच्या डब्याचं झाकण फाडून तिनं गुडघ्यावर धरलं आणि लिहायला लागली. विमान हलत होतं, अक्षर वाकडं होत होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे धाकटीला लहानपणी आईनंच शिकवलं होतं. पण ती तिचीच मुलगी होती. ती खांद्यावरून वाकली.

‘अहो, तुम्ही लिहिलं होतं की बाकावर बसून खिडकीला नाक लावलं. बाकाला खिडकीच नाही. मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे आणि पोचल्यावरही असेन. इथल्या लोडरबाईंना मी विचारलं. मागच्या दाराला एक गोल काच आहे, ताटलीएवढी. तिथं फक्त लोडरच उभा राहतो, बाकीच्यांना ती माहीतसुद्धा नसते, असं त्यांनी कागदावर लिहून सांगितलं. त्यांनी मला तिथं उभं केलं आणि पडू नये म्हणून मागून पट्टा धरला. खाली पाणी होतं. मग बेटं आली. मी दोनदा मोजली, नऊ आहेत.’